हे पाणी कुठं जातं?

परभणीकडच्या सपाट काळ्या रानात वाढलेल्या माणसाला डोंगराचे अप्रूप फार. मी मुंबईस नोकरीला. गंगाखेडचे शेत बटईने दिलेले, आई तिकडे एकटी. गेल्या मार्गशीर्षात ती प्रथमच मुंबईस आली, तेव्हा एका रविवारी तिला माथेरानला नेले.

दादरहून कर्जत लोकलने नेरळ, पुढे टॅक्सीने दस्तुरी नाका. तेथून वर मोटारींना बंदी. लाल मातीतून पायपीट. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर मॅलेट हा डोंगर चढला, १९०७ साली दोन फुटी रुळांवरून छोटी आगगाडी आली, असे मी हौसेने सांगत होतो. आईचे लक्ष गुडघ्यांकडे!

खंडाळा पॉइंटवर मात्र ती कठड्याशी खिळली. खाली उल्हास नदीचे खोरे, पलीकडे सह्याद्रीची भिंत.

"आपलं गाव कुठं रं?"

"त्या भिंतीमागं. लय लांब."

"अन् हे पाणी?"

"खाडीतून समुद्राला. आपली गंगा ह्याच डोंगररांगेत, तिकडं त्र्यंबकला निघते. पण ती पूर्वेला वळते, आपल्याकडं."

आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अन् तू कुणीकडचं पाणी?"

चिक्की घ्यायची का, असे मी विचारले.