दुसरा शनिवार

वडूजच्या एका बँकेच्या शाखेत मी २०११ साली रुजू झालो आणि २०२३ च्या मे अखेरीस तिथूनच निवृत्त झालो. त्या बारा वर्षांत चार मॅनेजर येऊन गेले, पीककर्जाचे नमुने बदलले, पासबुक छापायचं यंत्र तीनदा नवं आलं. आज त्या काळाचा मागोवा घेताना मला त्याचे दोनच भाग दिसतात. दुसरा शनिवार सुट्टीचा झाला त्याआधीचा एक आणि त्यानंतरचा एक.

सप्टेंबर २०१५ पासून देशभरच्या बँकांना महिन्यातला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी मिळू लागली. त्याआधी प्रत्येक शनिवार अर्ध्या दिवसाचा असे. अर्धा हा शब्द कागदावरचा. काउंटर दुपारी बंद झालं तरी रोकड जुळवायची, व्हाउचरं लावायची, शेवटी मॅनेजरसाहेबांची सही. घरी पोचेपर्यंत चार वाजत. नव्या नियमानं उरलेले शनिवार पूर्ण दिवसाचे झाले, पण दोन शनिवार मोकळे मिळाले. शाखेत पेढे वाटले होते.

आठ-दहा जणांचा आमचा स्टाफ. एकमेकांशी वाकडं नव्हतं, पण मैत्रीही नव्हती. डबे एकत्र उघडायचे, तेही पाळीपाळीनं, कारण काउंटर रिकामं ठेवून चालत नसे. सगळे मिळून बँकेबाहेर जायचो ते वर्षातून एकदा, ९ सप्टेंबरला सकाळी हुतात्मा स्मारकावर. १९४२ साली याच दिवशी वडूजच्या कचेरीवर मोर्चा आला होता. वडगावचे परशुराम घार्गे त्याच्या अग्रभागी होते. पोलिसांनी गोळ्या घातल्या आणि नऊ जण गेले. रानातलं काम टाकून, अंगावरच्या कपड्यानिशी आलेली माणसं होती ती. फुलं वाहायची, दोन मिनिटं उभं राहायचं आणि दहाच्या आत बँकेचं शटर वर.

मग या दोन शनिवारांचं आम्ही केलं काय? कॅशियर अण्णांची कोरडवाहू जमीन होती. त्यांची सुट्टी रानात जाई. विट्याहून एसटीनं मायणीमार्गे ये-जा करणाऱ्या मॅडम होत्या. आठवडाभर साचलेली धुणी, दळण, मुलीचा अभ्यास आणि सासूबाईंचा दवाखाना त्या दिवसाची वाट पाहत असे. बिहारहून आलेला एक तरुण अधिकारी होता, खोली घेऊन एकटा राहणारा. त्यानं एकदा सांगितलं, सर, सुट्टीच्या दिवशी मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्दही बोलत नाही. शिपाई मामा सवयीनं शाखेच्या पायरीवर येऊन बसत. माझे शनिवार लग्नं, बारशी आणि दहावे यांत जात. कॅलेंडरवर सुट्टी सगळ्यांची एकच होती. कामाचा शीण मात्र कुणाचाच जात नव्हता.

इथं थोडं मागं जातो, कारण सुट्टीचा हा विषय आमच्या तालुक्याच्या मातीतला आहे. जोतीराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण हे खटाव तालुक्यातलं. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांना पहिल्यांदा एकत्र बांधलं. गिरण्यांमध्ये आपल्या सातारा, कोकण भागातली माणसं दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबायची आणि आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा झाल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन फॅक्टरी कमिशनपुढं गेलं. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत द्या, अशा त्यात मागण्या होत्या. रविवार मान्य व्हायला १० जून १८९० उजाडला. लोखंड्यांचा युक्तिवाद असा सांगतात की रविवार हा खंडोबाचा वार, आणि सहा दिवस मालकासाठी घाम गाळल्यावर एक दिवस समाजाच्या कामाला मिळायला हवा. त्यांच्या मागणीत विसावाही होता आणि समाजाचं कामही. मी हे प्रथम वाचलं तेव्हा मला फक्त समाजाचं काम दिसलं. विसाव्याकडं माझं दुर्लक्ष झालं, आणि त्याची किंमत पुढं माझ्या जवळच्या माणसांनी मोजली.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा बंद झाल्या. १२ तारीख नेमकी दुसऱ्या शनिवारची. ती आणि तिच्यापाठचा रविवारही बँका उघड्या ठेवायचा आदेश होता. १४ तारखेपासून जिल्हा मध्यवर्ती बँकांना जुन्या नोटा घेण्याची मनाई झाली. आमच्या भागात शेतकऱ्याचं खातं बहुतेक गावातल्या सोसायटीमार्फत जिल्हा बँकेतच, त्यामुळं ती सगळी माणसं राष्ट्रीयीकृत बँकांच्या रांगांत येऊन उभी राहिली. पहाटे पाचला येऊन लोक चपला, पिशव्या, दगड रांगेत ठेवत. मुलीच्या लग्नाचे पैसे स्वतःच्याच खात्यातून मिळेनात म्हणून एक गृहस्थ माझ्या काउंटरवर डोकं टेकून रडले होते. रोज रात्री नऊ-दहा वाजत. मॅडमची शेवटची गाडी चुकली की त्या आमच्या घरी थांबत. अण्णांच्या बोटांची कातडी नोटा मोजून सोलवटली होती. एका रात्री रोकडीत दोन हजार कमी आले आणि ते त्यांनी खिशातून भरले. कॅशियरला तसं भरावंच लागतं. दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी मामांनी सगळ्यांकडून वर्गणी काढली आणि ते पैसे अण्णांच्या टेबलाच्या खणात ठेवले. अण्णा काही बोलले नाहीत. स्टाफची खरी ओळख मला त्या पन्नास दिवसांत झाली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा खटाव तालुक्यात आली. आदल्या वर्षी ती राज्यातल्या तीनच तालुक्यांत होती, त्यात शेजारचं कोरेगाव होतं आणि तिथल्या वेळू गावानं पहिला नंबर काढला होता. २०१७ ला तीस तालुके झाले. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस. ८ एप्रिल म्हणजे पुन्हा दुसरा शनिवार. मार्चअखेरची धावपळ नुकतीच संपली होती. अण्णांच्या गावानं भाग घेतला होता. ते शुक्रवारी डबा बंद करता करता म्हणाले, "उद्या सकाळी सहाला माळावर या. यायलाच पाहिजे असं काही न्हाई. आलात तर बरं वाटंल."

आम्ही पाच जण गेलो. माण-खटावचा माळ एप्रिलमध्ये कसा असतो हे पाहिल्याशिवाय कळायचं नाही. कुसळं, मुरूम आणि खाली कठीण पाषाण. पाऊस मुळात कमी, आणि पडतो तोही तासाभरात धो धो पडून येरळेला मिळून पुढं निघून जातो. त्याला उतारावरच थांबवायचं म्हणून समतल चर. चर खणण्यापेक्षा त्याची पातळी राखणं कठीण. एक टोक चार बोटं खाली गेलं तर सगळं पाणी तिकडं धावतं आणि बांध फोडून जातं. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरत: दोन काठ्या, मधे पाण्यानं भरलेली पारदर्शक नळी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच खुणेला आलं की खाली फक्कीची रेघ. आमच्या बिहारच्या मुलाच्या हाताला ते काम असं बसलं की पुढच्या आठवड्यात गावातली पोरं त्याला नावानं हाका मारू लागली. तो टिकाव मारणाऱ्यांच्या पुढं पुढं रेघ ओढत जाई आणि त्यांच्याकडून शिकलेलं मराठी बोलत जाई. मुंबई-पुण्याला आणि गलाईच्या धंद्यापायी दूरदूर गेलेली माणसं सुट्टी काढून आली होती. नऊ वाजता ऊन तापलं की काम थांबे आणि कुणाच्या तरी घरून हुलग्याचं माडगं येई.

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस एका कामाच्या दिवशी झाला. सात वाजता रोकड जुळली आणि आम्ही तीन मोटारसायकलींवर तसेच माळावर गेलो. अंधारात बॅटरीच्या उजेडात चर पाहिले. ते काठोकाठ भरले होते आणि पाणी हलत नव्हतं. अण्णा चपला काढून चराच्या कडेला उभे राहिले. त्या वर्षी तालुक्यातलं भोसरे, सरनौबत प्रतापराव गुजरांचं गाव, राज्यात दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्यांत आलं. अण्णांच्या गावाला बक्षीस नव्हतं. त्याचं वाईट वाटलेलं मला कुणी आठवत नाही.

चूक झाली ती २०१८ साली, आणि ती माझी होती. मला त्या कामाचं वेड लागलं. दोन्ही शनिवार, सगळे रविवार आणि कामाच्या दिवशीही बँकेआधी पहाटे दोन तास. मी एक वही घातली. कोण कितव्या दिवशी आलं, किती घनमीटर काम झालं, सगळं तीत लिहीत असे. बँकेतल्या माणसाला वहीची सवय असते. मेच्या दुसऱ्या आठवड्यात डब्याच्या वेळी मी ती वही वाचून दाखवली आणि मॅडमचं खास कौतुक केलं, कारण विट्याहून येऊन त्यांचा एकही शनिवार चुकला नव्हता. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, "सर, मी साडेतीनला उठते. सगळ्यांचं करून पहिली गाडी धरते. मला त्या कामाचं वाईट वाटत नाही. पण तुमच्या वहीत माझं नाव राहिलं असतं, म्हणून मी येत होते."

त्या रात्री मला झोप लागली नाही. जिथं नाही म्हणायची सोय नसते तिथं श्रमदान राहत नाही, ती वेठ होते. आणि ती वेठ मी लावली होती. तीही अशा बाईला, जिला घरी एकही दिवस मोकळा नव्हता. त्याच आठवड्यात मला माळावर ऊन लागलं आणि तीन दिवस सलाइनवर काढले. माझी पत्नी उशाशी बसून होती. एप्रिलपासून आम्ही दोघांनी एकत्र बसून चहासुद्धा घेतला नव्हता, हे तिनं मला सांगितलं नाही. पडल्या पडल्या ते माझं मलाच आठवलं.

वही मी बंद केली. आम्ही बसून ठरवलं ते एवढंच: दुसऱ्या शनिवारी ज्याला जमेल त्यानं यावं, न आलेल्याला सोमवारी कुणी कारण विचारू नये. चौथा शनिवार ज्याचा त्याचा. त्या दिवशी कुणी कुणाला फोन करायचा नाही, अगदी ख्यालीखुशालीचाही नाही. मॅडम पुढं दीड वर्ष माळावर आल्या नाहीत. आमची मैत्री त्याच दीड वर्षात जुळली. त्या डब्यात काय आणतात, कुणाची चिंता करतात, कोणत्या गाण्यावर त्यांचा जीव आहे, हे मला तेव्हा कळलं, कारण मी श्रमदान सोडून दुसरं काही विचारायला शिकलो होतो. चौथ्या शनिवारी मी आणि पत्नी कधी औंधला यमाईच्या डोंगरावर, कधी फ्लेमिंगो आले की येरळवाडीच्या तलावावर जाऊ लागलो.

२०२० च्या फेब्रुवारीअखेर राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. तहसील कचेरीतल्या मित्रांचे शनिवार मोकळे झाले, आणि महिनाही झाला नसेल तोच टाळेबंदी आली. बँका अत्यावश्यक सेवेत. एप्रिलपासून तीन महिने जनधन खात्यांवर महिलांचे पाचशे रुपये जमा होत होते; ते काढायला वाड्यावस्त्यांवरून बायका चालत येत. गर्दी होऊ नये म्हणून खातेक्रमांकाच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे दिवस वाटून दिले होते, पण ज्या माउलीला अक्षरओळख नाही तिला हे दारात उभं राहून समजावावं लागे. मामा तोंडाला पंचा बांधून दिवसभर उन्हात ते करत. एसटी बंद, जिल्ह्याची हद्द बंद. मॅडम पाच आठवडे आमच्या माडीवर राहिल्या. संध्याकाळी त्या आणि माझी पत्नी गच्चीवर बसत आणि मी खाली स्वयंपाक करी. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत अण्णा आजारी पडले. त्यांच्या घरच्यांचे डबे आम्ही पाळीपाळीनं पोचवले. त्याची वही कुणी केली नाही.

बँकांनाही सगळे शनिवार मिळावेत यावर मार्च २०२४ मध्ये संघटना आणि बँकांच्या महासंघाचं एकमत झालं; सरकारच्या मंजुरीचं मात्र लांबत गेलं. मी तोवर बाहेर पडलो होतो. तरुण सहकाऱ्यांना ती सुट्टी मिळावी असं मला मनापासून वाटतं. मोबाइलवर रात्री अकरालाही टार्गेटचे निरोप येणाऱ्या या मुलांना ती आमच्यापेक्षा जास्त गरजेची आहे.

गेल्या हिवाळ्यात एका दुसऱ्या शनिवारी आम्ही माळावर जमलो. चर गाळानं निम्मे भरलेत, ते दरवर्षी थोडे थोडे उपसावे लागतात. बिहारचा मुलगा आता नाशिककडं मॅनेजर आहे. बायकोला माळ दाखवायला घेऊन आला होता. मॅडमची बदली कधीच सांगलीला झाली आहे. त्या पहिल्या गाडीनं नव्हे, सावकाश दहाच्या सुमारास आल्या, सोबत कॉलेजात जाणारी मुलगी. मुलीनं खोरं उचललं. मॅडम लिंबाखाली सतरंजीवर बसल्या, थोडा वेळ आमच्याकडं पाहत राहिल्या, मग पिशवी उशाला घेऊन आडव्या झाल्या आणि त्यांना गाढ झोप लागली. अकरा वाजता माडगं आलं. अण्णांनी सगळ्यांना हळू बोलायची खूण केली. ऊन सरकत मॅडमच्या चेहऱ्यापाशी आलं तेव्हा मामांनी आपला पंचा फांदीला अडकवला आणि पुन्हा चरात उतरले.