मगर लंगडते तेव्हा

खोक्यातून निघालेलं इंजिन नजर लागेल इतकं देखणं होतं. मध्ये चालकाची केबिन, पुढेमागे दोन लांबोडकी नाकं आणि चाकांना जोडणारे चकचकीत दांडे. गॉटहार्डच्या घाटमार्गासाठी १९१९ पासून बांधलेल्या या विजेच्या इंजिनाला स्वित्झर्लंडमध्ये ‘मगर’ म्हणतात. आपल्याकडेही याच घराण्यातली इंजिनं १९२० च्या दशकाच्या अखेरीस आली. जीआयपी रेल्वेच्या मालगाड्या त्यांनी घाटातून ओढल्या आणि इथं त्यांचं नाव पडलं ‘खेकडा’. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात त्यातलं एक अजून उभं आहे.

माझी मगर मात्र बावीस सेंटीमीटरची. मूळ इंजिनाहून ८७ पट लहान. रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलीमीटर. जर्मनीत राहणाऱ्या भाच्यानं तिथल्या एका दुकानातून ती घरपोच मागवली आणि सुट्टीत पुण्याला येताना घेऊन आला. जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले, वीज दिली, मगर निघाली. वेगात झकास पळाली. वेग कमी केला तशी लंगडायला लागली. किंचित अडायची, सुटायची, पुन्हा अडायची.

“मामा, परत करायचं असेल तर आत्ताच सांग. मी नऊ दिवसांनी निघणार,” भाचा म्हणाला. युरोपात घरपोच मागवलेली वस्तू हाती पडल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करता येते. वस्तू हाताळून, चालवून बघायला हरकत नसते. पण स्क्रू उघडून आत हात घातला आणि मालाची किंमत उतरली, तर तेवढी रक्कम दुकानदार कापून घेऊ शकतो. म्हणजे दोष शोधायचा तर इंजिन उघडायला हवं, आणि परत करायचं तर उघडून चालणार नाही. न उघडता निदान करणं भाग होतं.

डॉक्टर आधी नाडी बघतात. इथंही तेच करायचं. पहिला प्रश्न, दोष इंजिनाचा की रुळाचा? दर फेरीत त्याच जागी अडखळत असेल तर रुळाचा सांधा वर आलाय किंवा तिथं वीज नीट पोचत नाही. मगर मात्र सगळीकडेच लंगडत होती.

दुसरा प्रश्न, किती अंतराने? मूळ मगरीच्या मोठ्या चाकाचा व्यास १३५० मिलीमीटर, मॉडेलमध्ये साडेपंधरा. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यात इंजिन सुमारे ४९ मिलीमीटर पुढं जातं. मोटर याहून खूप वेगानं फिरते. समजा तिचे वीस फेरे झाले की चाकाचा एक होतो. मग मोटरमधला दोष दर अडीच मिलीमीटरला दिसेल. त्याला लंगडणं म्हणणार नाही, ती नुसती थरथर. उलट दर ४९ मिलीमीटरला एकच हिसका बसत असेल, तर चाकाबरोबर फिरणाऱ्या एखाद्या गोष्टीत एका जागी खोट आहे. यात नेहमीचा संशयित म्हणजे अॅक्सलवरचं प्लास्टिकचं गिअर. धातूच्या अॅक्सलवर ते दाबून बसवलेलं असतं, त्यामुळे आतून सतत ताणलेलं राहतं. ताण सोसवला नाही की तडकतं. तडकलेल्या जागी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि दर फेऱ्याला तिथं टक्क होतं.

मी रुळांशेजारी मोजपट्टी ठेवली आणि फोनवर संथ गतीचं चित्रण केलं. हिसके पडत होते चोवीस-पंचवीस मिलीमीटरवर, म्हणजे चाकाच्या अर्ध्या फेऱ्याला एक. तडकलेलं गिअर एका फेऱ्यात दोनदा अडत नाही, निदान एकाच तड्यानं नाही. दोनदा अडतात ते दांडे.

यामागची भूमिती सुंदर आहे. सायकलचं पेडल बरोबर वर असताना त्यावर कितीही जोर दिला तरी चाक फिरत नाही. पेडल पुढे सरकल्यावरच जोर लागू पडतो. इंजिनाच्या दांड्यालाही फेऱ्यात अशा दोन मुक्या जागा असतात. म्हणून एका बाजूची पिन, म्हणजे चाकावर दांडा जिथं अडकतो ती खुंटी, दुसऱ्या बाजूच्या पिनेच्या ९० अंश पुढे ठेवतात. एक बाजू मुकी असते तेव्हा दुसरी पूर्ण जोरात असते. हा काटकोन सगळ्या अॅक्सलवर सारखा हवा. एखाद्या अॅक्सलवरचं एक चाक बसवताना जरा फिरलं, तर त्या बाजूचा दांडा ओढाताणीत सापडतो. आणि सगळे अॅक्सल गिअरनेही बांधलेले असतील तर ही ओढाताण पिन वर आणि खाली असताना, म्हणजे फेऱ्यात दोनदा, कळसाला पोचते.

‘जरा’ म्हणजे किती? पिन चाकाच्या मध्यापासून साडेतीन मिलीमीटरवर आहे असं धरू. चाक ३ अंश चुकलं तर पिन जागेवरून ०.१८ मिलीमीटर हलते, फार तर दोन-तीन केसांच्या जाडीइतकी. दांड्याच्या भोकात पिनेला जी मोकळीक असते, गॅरेजवाले ज्याला प्ले म्हणतात, ती एवढी नसली तर दांडा अडणारच.

वेगात हाच दोष दिसत नाही, कारण फिरणारी मोटर आणि पुढं सरकणारं वजन अवघड जागा ढकलून पार करतं. खऱ्या मगरीचं वजन १२८ टन. लांबी ८७ पट कमी केली की वजन ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून जास्त पटींनी घटतं. उरतात जेमतेम १९५ ग्रॅम. कारखानदार धातूचं ओतीव अंग देऊन वजन वाढवतात, तरी रेटा तो किती! छोट्या यंत्राला छोटी चूकही जड जाते ती यामुळे.

चित्रण थांबवून थांबवून पाहिलं. प्रत्येक हिसक्याच्या वेळी पुढच्या बोगीतल्या उजव्या पिना वर किंवा खाली होत्या आणि मधल्या चाकाची पिन शेजारणींच्या किंचित मागं होती. निदान झालं. आता परत की दुरुस्ती?

आपण सहसा विचारतो, दोष मोठा की छोटा? माझ्या मते विचारायचं ते वेगळंच. दोष वाढणारा आहे का? दुरुस्तीनं वस्तू पूर्ववत होईल, की काहीतरी कायमचं खर्ची पडेल? आणि बदली मिळालेल्या नगात तोच दोष असण्याची शक्यता किती?

धूळ, तेलाचा अभाव, सुटलेली तार, वाकडा कठडा हे दोष वाढत नाहीत. नव्या इंजिनाला दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास पळवलं की बारीकसारीक कुरकुर बऱ्याचदा आपोआप थांबते. तडकलेलं गिअर मात्र उद्या जास्त तडकणार. सर्वांत वाईट दुखणं ओतीव जस्ताचं. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा अंश जरासा जास्त झाला की कणाकणांमधल्या सीमा आतून गंजतात, भाग फुगतो, भेगाळतो आणि शेवटी बिस्किटासारखा चुरतो. म्हणून १९२९ मध्ये अमेरिकेत ‘झामॅक’ मिश्रधातू आला तो अतिशुद्ध जस्ताच्या पायावर. या रोगाला औषध नाही. ओतीव अंगावर भेग दिसली की खोकं बंद करून परत. पण बदलीत त्याच ओतकामातला नग आला तर रोगही सोबत येईल, तेव्हा तिथं पैसेच मागावेत.

माझ्या मगरीचा दोष या दोन टोकांच्या मधला. चाक अॅक्सलवर पीळ देऊन फिरवता येतं, मला जमलंही असतं. पण चाक अॅक्सलवर टिकतं ते केवळ घट्ट बसल्यामुळे. एकदा पिळलं की पकड सैलावते आणि ते पुन्हा सरकण्याचा धोका वाढतो. तसंच चालू ठेवलं तर अडणारा दांडा भोक लांबट करत जाणार. शिवाय ही चूक एका जोडणीत झालेली, साच्यातली नव्हे. दुसऱ्या नगात ती असण्याचं कारण नव्हतं. आठव्या दिवशी मगर, चित्रणासकट, भाच्याच्या बॅगेत गेली.

बदली इंजिन तीन महिन्यांनी एका ओळखीच्या हाती आलं. मुंगीच्या गतीनंही लोण्यासारखं चालतं. केबिनच्या दारापाशी एक कठडा मात्र निखळून खोक्याच्या तळाशी पडला होता. भाच्यानं फोनवर विचारलं, “परत पाठवायचं का?” पहिल्या इंजिनात उघड्या डोळ्यांना काहीच खोट दिसत नव्हती, या इंजिनातली खोलीच्या दारातूनही दिसत होती. मी चिमटा घेतला, टाचणीच्या टोकावर गोंदाचा थेंब घेतला आणि पाच मिनिटांत कठडा जागेवर बसवला.