ठुमरीच्या घरातला ड्रमर

जॅझ-रॉकच्या वाद्यमेळात ड्रमर हा बहुधा सर्वांत जोरकस माणूस असतो. तालवादक त्रिलोक गुर्टू यांची कारकीर्द समजून घ्यायची, तर मात्र सुरुवात ठुमरीपासून करावी लागते. ३० ऑक्टोबर १९५१ रोजी मुंबईत जन्मलेल्या या वादकाची आई म्हणजे ठुमरीगायिका शोभा गुर्टू, पूर्वाश्रमीच्या बेळगावच्या भानुमती शिरोडकर. आजी मेनकाबाई नृत्यांगना होत्या आणि अल्लादियाखाँ यांच्याकडे गाणे शिकलेल्या. शोभाताईंना ख्यालाची तालीम भूर्जीखाँकडून मिळाली, तर ठुमरी-दादरा घम्मनखाँकडून. अशा घरात लहानपणापासून तबला वाजवणाऱ्या मुलाच्या कानावर संगतीची एक खास शिस्त पडत असते. गायिका एकाच शब्दाचे नाना भाव उलगडत असते, तोवर तबलजीने दीपचंदीचा ठेका आवर्तनामागून आवर्तन नुसता धरून ठेवायचा. शेवटी लग्गी, म्हणजे जलद लयीतले तबल्याचे काम, आली की त्याला मोकळे रान मिळते, आणि तेही ओसरून पुन्हा मूळ ठेक्यावर यावे लागते. गुर्टू पुढे ज्या रीतीने वाजवत आले आणि स्वतःचे वाद्यवृंद चालवत आले, त्याचे मूळ मला या शिस्तीत दिसते.

पहिला पुरावा त्यांच्या बैठकीचा. पाश्चात्त्य ड्रमर स्टुलावर बसतो. एका पायाने मोठा ड्रम आणि दुसऱ्याने झांजांची जोडी वाजवतो. गुर्टू स्टूल बाजूला सारून जवळजवळ जमिनीलगत, गुडघ्यांवर बसतात. भोवती तबला, ड्रम, झांजा, शिंपल्यांच्या माळा आणि पाण्याची बादली. वाजती झांज पाण्यात बुडवली की तिचे कंपन मंदावते, स्वर खाली घसरतो आणि धातूच्या आवाजाला मींड मिळते. तालवाद्यातून मींड काढण्याची ही ओढ गळ्याच्या संगतीत वाढलेल्या हाताची आहे. गावाकडे गोंधळ ऐकणाऱ्याला हे परके वाटू नये. संबळवादक कमरेच्या लहानमोठ्या जोडीतून चढा आणि खर्ज असे दोन्ही आवाज काढतो, कथन चालू असताना दबून राहतो आणि ओळ संपली की उसळतो.

दुसरा पुरावा इतिहासाचा, आणि तो अधिक वजनदार आहे. १९७१ साली गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यात बिली कॉबम यांच्या ड्रमचा अक्षरशः गडगडाट होता. त्यानंतरच्या 'शक्ती'मध्ये झाकीर हुसेन यांचा तबला आला, ड्रमसेट पार गेला. म्हणजे पाश्चात्त्य ताकद आणि भारतीय लयकारी यांसाठी मॅक्लॉफ्लिन यांना दोन वेगळे संच लागले. १९८८च्या सुमारास गुर्टू त्यांच्या त्रिकुटात आले आणि ही दोन्ही कामे एका माणसाच्या अंगावर पडली. १९८९मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण ऐकावे. गिटार, बास आणि ताल, एवढाच सरंजाम. पण गिटार बोलू लागली की गुर्टू आवाज किती खाली नेतात, हे ऐकण्याजोगे आहे. त्याआधी आपले तालवादक कॉलिन वॉलकॉट यांच्या १९८४मधील अपघाती मृत्यूनंतर 'ओरेगॉन' या समूहाने त्यांना बोलावले होते. ओबो आणि गिटार यांच्या त्या नाजूक संगीतात जोरकस ड्रमर चाललाच नसता.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे मागाहून जोडलेले नाते आहे. तरुणपणी गुर्टू रॉक आणि जॅझ ऐकून ड्रमकडे वळले, त्यात ठुमरी कुठे? प्रभाव रॉकचा होताच. पण 'उस्फ्रेट' या १९८८मधील पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेत गिटारवादक राल्फ टाउनर आणि ट्रम्पेटवादक डॉन चेरी यांच्याबरोबर त्यांनी आईचा आवाज घेतला, एका रचनेचे नावच 'शोभारॉक' ठेवले. हे नाते त्यांनी स्वतःच जाहीर केले आहे. दुसरा आक्षेप शुद्धतावाद्यांचा, आणि तो मात्र अर्धा खरा आहे. ठुमरीत शब्दाला जो अवकाश लागतो तो इथे उरत नाही, आवाज एक रंग होऊन राहतो. हे नुकसान आहे आणि ते मान्य करायला हवे. तरीही ठुमरीची संगत करण्याची वृत्ती शब्दाविनाही टिकते, हेच या प्रयोगातून कळते. तिसरा आक्षेप नामांकित पाहुण्यांच्या गर्दीचा. 'क्रेझी सेंट्स'मध्ये (१९९३) जो झाविनुल आणि पॅट मेथेनी येतात, तरी मध्यवर्ती विचार सुटत नाही. २०००च्या 'आफ्रिकन फँटसी'त तो माझ्या मते सुटतो. इतक्या जणांची संगत एकाच वेळी करताना संगतकाराचे स्वतःचे म्हणणे पुसट होते.

म्हणून मला २०१३ची 'स्पेलबाउंड' अधिक मोलाची वाटते. ती ट्रम्पेटवादकांना वाहिलेली आहे: डिझी गिलेस्पी, माइल्स डेव्हिस आणि गुर्टू यांना सुरुवातीपासून साथ देणारे, १९९५मध्ये निवर्तलेले डॉन चेरी. तालवादकाने काढलेल्या या ध्वनिमुद्रिकेत पाओलो फ्रेसू, इब्राहिम मालूफ अशा वादकांचे ट्रम्पेट पुढे बसते आणि प्रमुख स्वतः पाठीशी राहून ठेका धरतो.