दोन ओळी, एक भाता

आयर्लंडमध्ये आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या मांडीवर पहिल्यांदा बटण अ‍ॅकॉर्डियन येतं, तेव्हा एक गोष्ट आधीच ठरून गेलेली असते. हे पोर ‘बी-सी’ वाजवणार की ‘सी शार्प-डी’? बोटं एकदा एका पद्धतीत बसली की दुसरीकडे जाणं म्हणजे जवळपास पहिल्यापासून शिकणं. आणि निवड बहुधा मुलाची नसतेच; शिकवणारा जे वाजवतो ते त्याच्या वाट्याला येतं.

आपल्या पेटीत भाता मागे असो की पुढे, पट्टी दाबली की तोच स्वर येतो. या वाद्यात, ज्याला तिथे सगळे नुसतं ‘बॉक्स’ म्हणतात, एकाच बटणातून भाता दाबताना एक स्वर निघतो आणि ओढताना दुसरा. उजव्या हाताला दोन ओळींत 21 किंवा 23 बटणं, आणि दोन ओळींत अर्ध्या स्वराचं अंतर. बी-सी बॉक्समध्ये एक ओळ पांढरी सातची, दुसरी पांढरी एकची. सी शार्प-डीमध्ये एक काळी एकची, दुसरी पांढरी दोनची.

आयरिश धून फार वेळा पांढरी दोनमध्ये असते. पांढरी दोनला सा मानून शुद्ध स्वरांचं सप्तक वाजवून पाहा. सी शार्प-डीवर सगळे स्वर एकाच ओळीत मिळतात: सा दाब, रे ओढ, ग दाब, म ओढ, प दाब, ध-नी ओढ, वरचा सा दाब. भाता सतत उलटसुलट. बी-सीवर तेच सप्तक दोन्ही ओळींतून उचलावं लागतं, पण भात्याला निवांतपणा मिळतो. सा ओढून, रे-ग-म एका दाबात, प-ध-नी-सा पुन्हा एका ओढीत. पहिल्या पद्धतीत जवळपास प्रत्येक स्वराला ठोका बसतो, दुसरीत स्वर एकमेकांत वाहतात. तिथल्या ‘दाब-ओढ विरुद्ध बी-सी’ या जुन्या वादाचं सगळं मूळ या एवढ्याशा हिशेबात आहे.

1829 साली व्हिएन्नात सिरिल डेमियानने अ‍ॅकॉर्डियनचं पेटंट घेतलं. त्या वाद्याची एका ओळीची, दहा बटणांची धाकटी भावंडं, म्हणजे मेलोडियन, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडच्या खेड्यापाड्यांत पोचली. स्वस्त, दणकट, आणि स्वयंपाकघरात नाचणाऱ्यांच्या बुटांच्या आवाजावर मात करणारी. गंमत म्हणजे आयरिश धुनांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर ज्याचं मेलोडियन गाजलं तो जॉन किमेल आयरिश नव्हताच. तो ब्रुकलिनचा, जर्मन घरातला. 1935 च्या कायद्याने आयर्लंडमध्ये सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, घरातले नाच आटले आणि वादक हॉलमध्ये गेले. हॉल भरून टाकायला नाचासाठी वाजवणारे ‘केली’ बँड आले आणि त्यांच्याबरोबर दोन ओळींच्या बॉक्सची चलती झाली.

दोन्ही शैलींचे मोठे वादक जवळजवळ एकाच वयाचे. गॉलवेच्या पीटर्सवेलचा जो कूली (1924–1973) दाब-ओढवाला. अमेरिकेत बरीच वर्षं काढून आजारी अवस्थेत परतला. त्याची ‘कूली’ ही ध्वनिमुद्रिका 1975 मध्ये, तो गेल्यावर आली. तीत पीटर्सवेलच्या पबमधलं वादन आहे, मागे लोकांच्या आरोळ्यांसकट. तिपेररीचा पॅडी ओब्रायन (1922–1991) याने बी-सी बॉक्सवर व्हायोलिनची वळणं उतरवली. 1954 च्या सुमाराच्या त्याच्या तबकड्यांनी पुढच्या पिढीची बोटं बदलली. बॉक्सवादक जो बर्कही त्याच वाटेचा.

यात टोनी मॅकमहन हे प्रकरण वेगळंच. कूलीच्या प्रभावात वाढलेला, स्वतः पहिल्या दर्जाचा बॉक्सवादक, आणि अ‍ॅकॉर्डियनने आयरिश संगीताचं नुकसान केलं असं जाहीरपणे म्हणणारा. आपल्याकडे 1940 साली ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली ती गमक आणि श्रुतींच्या नावाने. तिकडचा आक्षेपही त्याच जातीचा: आयरिश बॅगपाइप्स आणि व्हायोलिन स्वर वाकवू शकतात, बॉक्सच्या आतल्या धातूच्या पट्टीचा स्वर वाकत नाही. आक्षेप खोटा नाही. पण मॅकमहनने या वाद्यावर संथ ‘एअर’ वाजवल्या, त्या ऐकल्यावर तो स्वतःच्या विरुद्धचा सर्वांत मोठा साक्षीदार ठरतो.

आजच्या मुलांची खरी शाळा म्हणजे कोल्तस. 1951 साली मलिंगारमध्ये स्थापन झालेली ही संस्था गावोगावी वर्ग चालवते आणि ‘फ्ला क्योल’ नावाचा महोत्सव भरवते. बारा वर्षांखालील, बारा ते पंधरा, पंधरा ते अठरा, आणि पुढे मोठे, असे स्पर्धेचे गट. आधी परगणा, मग प्रांत, मग ऑगस्टमध्ये अखिल आयर्लंड. इंग्लंड-अमेरिकेतली मुलंही आपापल्या फेऱ्या जिंकून येतात. स्पर्धा म्हटली की तयारी दिसली पाहिजे, आणि दिसते ती वेगात. एका बटणावर तीन बोटं लागोपाठ आपटून काढलेली तिहाईसारखी ‘ट्रिपलेट’, स्वराभोवती वरून-खालून फिरणारा ‘रोल’. बारा वर्षांची मुलगी हे सगळं बिनचूक टाकते. माझा कान मात्र भात्याकडे जातो. बोटं शिकवता येतात, वर्षभरात येतातही. धून कुठे श्वास घेते, दाब कुठे किंचित सोडायचा, हे ऐकत ऐकतच अंगात मुरतं. म्हणून मिलटाउन मलबे या गावी 1973 पासून दर जुलैत भरणारी विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा मला स्पर्धेहून मोलाची वाटते. तिथे नंबर नाही. सकाळी वर्ग, रात्री पबमध्ये थोरांच्या शेजारी खुर्ची.

वाद्याचा आवाजही पिढीगणिक बदलला. जुन्या, इटलीतल्या कास्तेलफिदार्दोच्या पाओलो सोप्रानी बॉक्समध्ये एका स्वराच्या जोडपट्ट्या मुद्दाम किंचित बेसूर लावलेल्या, म्हणून स्वर थरथरायचा. कॉर्कच्या जॅकी डेलीसारख्यांनी सत्तरच्या दशकानंतर तो थरथराट जवळपास काढून टाकला. कोरड्या लावणीत लपायला जागा नसते, चूक लगेच उघडी पडते; आताच्या मुलांना तीच आवडते.

क्लेअरच्या शॅरन शॅननने 1991 मध्ये पहिली ध्वनिमुद्रिका काढली तेव्हा ती वॉटरबॉईजबरोबर रॉकचे मंच करून आलेली होती. त्यानंतर बॉक्स ही काकालोकांची वस्तू राहिली नाही, मुलींना तर मुळीच परकी राहिली नाही. पण सगळी वाट पुढेच जाते असं नाही. 2022 साली टीजी4 वाहिनीचा तरुण वादकाचा पुरस्कार कॉर्कच्या डिअरमिड ओ मॅखरला मिळाला. तो दोन ओळींच्या बॉक्सबरोबर एका ओळीचं मेलोडियनही वाजवतो: दहा बटणं, मधले अर्धे स्वर नाहीतच, आणि भाता क्षणभरही एका दिशेला टिकत नाही. पॅडी ओब्रायनने ज्या अडचणीतून सुटका करून दिली होती, ती त्याने आपण होऊन मांडीवर घेतली आहे.