सव्वापाच सेंटिमीटरचा जवान

माळेगावच्या यात्रेत म्हणा किंवा गंजगोलाईतल्या खेळण्यांच्या दुकानात म्हणा, प्लॅस्टिकच्या सैनिकांचं पाकीट कधी ना कधी आपण सगळ्यांनीच घेतलेलं असतं. सगळे सैनिक एकाच हिरव्या रंगाचे! टोपी हिरवी, बंदूक हिरवी, चेहरा सुद्धा हिरवा. त्यातलाच एक सैनिक घेऊन, दुसऱ्या महायुद्धात जंगलात लढलेला आपला मराठा जवान कसा रंगवायचा, हे या लेखात सांगणार आहे. साहित्य फार लागत नाही. अॅक्रिलिक रंगांच्या सात-आठ ट्यूब, शून्य आणि दोन नंबरचे ब्रश, फेविकॉल, एम-सील आणि ब्लेड. बाकी लागतो तो पेशन्स आणि थोडासा इतिहास. इतिहास कशाला, असं विचाराल. तर कुठला रंग कुठे लावायचा हे ट्यूबवर लिहिलेलं नसतं. जवान कोण, कुठे आणि कोणत्या साली उभा आहे, यावर ते ठरतं.

हा जवान कोण?

आपण निवडलेला जवान आहे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या बटालियनचा. या रेजिमेंटचं केंद्र बेळगावला. साल १९४४, महिना मार्च, ठिकाण मणिपूरमधलं सांगशाक हे डोंगरावरचं गाव. जपानची ३१ वी डिव्हिजन ब्रह्मदेशातून कोहिमाकडे निघाली होती. वाटेत सांगशाकला ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड होती आणि तिच्याबरोबर ही मराठा बटालियन. डोंगरमाथ्यावर थोडं खणलं की खडक लागायचा, त्यामुळे खंदक खोल होईनात. काटेरी तार नव्हती. प्यायला पाणी पुरत नव्हतं, आणि विमानातून टाकलेला बराचसा माल शत्रूच्या हद्दीत पडत होता. तरीही २६ मार्चच्या रात्री माघारीचा हुकूम सुटेपर्यंत या लोकांनी ती टेकडी सोडली नाही. त्या थोड्या दिवसांत इंफाळ आणि कोहिमाला तयारीसाठी जो वेळ मिळाला, तो फार मोलाचा ठरला.

त्या वेळी नांदेड, लातूर हा सगळा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची पहिली हैदराबाद इन्फंट्री ही पलटण सुद्धा जंगलाच्या मुलुखात गेलेली होती. १९४१ साली ती मलायात कोटा भारूच्या विमानतळाच्या रक्षणाला होती, आणि ८ डिसेंबर १९४१ ला जपानी फौज नेमकी कोटा भारूच्याच किनाऱ्यावर उतरली. मलायात १९४१ ला आणि मणिपुरात १९४४ ला, दोन्हीकडे भारतीय जवानच. पण दोघांना एकच रंग लावला तर दोन्ही चुकीचे होतील.

खाकी ते हिरवा

खाकी हा शब्द 'खाक' म्हणजे धूळ यावरून आला. पेशावरला १८४६ साली उभारलेल्या कोअर ऑफ गाइड्स या पलटणीसाठी हॅरी लम्सडेन यांनी हा रंग वापरात आणला. कोरड्या, धुळीच्या मुलुखासाठी तो बेस्ट! एप्रिल-मे मध्ये औसा रोडच्या कडेला कुणी खाकी कपड्यात बसला तर पटकन दिसणार नाही. पण मलायाच्या आणि ब्रह्मदेशाच्या ओल्या गर्द झाडीत तोच खाकी लांबून उठून दिसतो. १९४२ साली सिंगापूर पडलं, ब्रह्मदेशातून माघार घ्यावी लागली. मग लष्कराने युद्धाच्या ज्या ज्या गोष्टी नव्याने शिकल्या त्यात गणवेशही आला. आधी खाकीच कपडे हिरव्या रंगात बुडवून काढले, आणि पुढे जंगल ग्रीन नावाचं वेगळं कापडच आलं. म्हणून मलायातला जवान खाकी आणि सांगशाकचा जवान हिरवा.

आधी तयारी

खेळण्यातले सैनिक बहुतेक पॉलिथिनचे असतात. मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण वाचतोच की पॉलिथिनला सहसा काही चिकटत नाही. त्यामुळे थेट रंग लावला तर चार दिवसांत पापुद्रे निघतात. सैनिक आधी साबणाच्या कोमट पाण्यात जुन्या टूथब्रशने घासून धुवा, म्हणजे साच्याचं तेल निघेल. साच्याच्या जोडावरची रेघ ब्लेडने हलकेच कापा. मग फेविकॉलमध्ये पाणी घालून दुधासारखं पातळ करा आणि त्याचा एक हात द्या. वाळल्यावर सैनिकाभोवती पातळ कातडी तयार होते. रंग प्लॅस्टिकला धरायच्या ऐवजी या कातडीला धरतो.

पाकिटातल्या सैनिकांचं हेल्मेट बहुधा अमेरिकन, म्हणजे वाडग्यासारखं असतं. आपल्या जवानाचं पसरट, पालथ्या ताटलीसारखं होतं. एम-सीलची बारीक वळी करून हेल्मेटच्या कडेने बसवा आणि ओल्या बोटाने चपटी करा. त्यावर बँडेजच्या गॉजचा तुकडा फेविकॉलने चिकटवला की हेल्मेटची जाळी तयार. बंदूक लांब रायफल असलेलाच सैनिक निवडा, कारण याच्या हातात आहे थ्री-नॉट-थ्री. वर्षानुवर्षं आपल्याकडच्या पोलिसांच्या खांद्यावर दिसलेली तीच ही रायफल. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती बनायची.

रंग लावताना

आता थोडं गणित. साडेपाच फुटाचा माणूस १:३२ या प्रमाणात साधारण सव्वापाच सेंटिमीटरचा होतो. तो एक फुटावरून पाहणं म्हणजे खरा माणूस ३२ फुटांवरून पाहणं. तेवढ्या अंतरावरून कपड्याचा रंग थोडा फिका आणि मवाळ वाटतो. म्हणून खऱ्या कापडाशी तंतोतंत जुळणारा रंग लावला, तर छोटा सैनिक काळपट दिसतो. जंगल ग्रीन हा किंचित निळसर झाक असलेला गडद हिरवा. सॅप ग्रीनमध्ये थोडा निळा, अगदी चिमूटभर काळा घाला आणि मग पांढरा टाकून एक पायरी उजळ करा.

दुसरी गोष्ट सावलीची. उघड्या उन्हात सूर्य आकाशात अर्ध्या अंशाएवढाच असतो, म्हणून कपड्याच्या चुण्यांची सावली ठसठशीत पडते. होस्टेलच्या खोलीतली चार फुटी ट्यूबलाइट मात्र सव्वापाच सेंटिमीटरच्या सैनिकाला सगळीकडून उजळून टाकते आणि सावल्या पुसल्या जातात. म्हणून त्या आपणच रंगवायच्या. मूळ रंगात बर्न्ट अंबर आणि भरपूर पाणी घालून पातळ रंग चुण्यांत सोडा, तो आपोआप खोलगट जागी जाऊन बसतो. वाळला की मूळ रंगात थोडा यलो ऑकर मिसळा, ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. खांदे आणि गुडघे जास्त विटलेले असतात. काखेत आणि पाठीवर घामाचे गडद डाग हवेतच.

पट्टे आणि काडतुसांचे पाऊच हिरवे करू नका. ते खाकीकडे झुकणारे ठेवले की हिरव्या कपड्यावर वेगळे कळतात. रायफलचं लाकूड लालसर तपकिरी, लोखंड काळं, त्याच्या कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासली की धातूची चमक येते. बूट काळे, पण ते काळे आहेत हे जेमतेम कळावं इतकी त्यांच्यावर माती.

चेहरा

आता सगळ्यात महत्त्वाचं. लहानपणी क्रेयॉनच्या डब्यात एक फिकट गुलाबी खडू असायचा, आणि त्याला सगळे 'स्किन कलर' म्हणायचे. आठवतंय? वर्गातल्या एकाही मुलाची स्किन त्या रंगाची नव्हती, तरी आपण घरातल्या सगळ्यांना, आजोबांना सुद्धा, त्याच खडूने रंगवलं. परदेशी मॉडेलच्या डब्यावरही चेहऱ्यासाठी 'फ्लेश' म्हणून तसाच गुलाबी रंग सांगितलेला असतो. त्याप्रमाणे गेलात तर गणवेश, हेल्मेट, रायफल सगळं बरोबर येईल आणि आतला माणूस मात्र भलताच येईल. आपल्या जवानासाठी बर्न्ट सिएना आणि यलो ऑकर समसमान घ्या, थोडा बर्न्ट अंबर, आणि पांढरा अगदी नावाला. सावलीला अंबर वाढवा. नाक, गालाचं हाड आणि हाताच्या बोटांवरच्या उजेडासाठी पांढरा न वाढवता ऑकर वाढवा. सावळ्या कातडीवर पांढरा जास्त झाला की माणूस राख फासल्यासारखा दिसतो. ओठ थोडे फिके, कोरडे ठेवा. टेकडीवर पाणी नव्हतं, हे विसरू नका. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं ज्यांनी पाहिलं, त्या लातूरकरांना कोरडे ओठ कसे असतात हे मी काय सांगणार!

पायाखालची जमीन

आपल्याकडची काळी माती इथे चालणार नाही. बीदरच्या वाटेला लागली की जी तांबडी माती दिसते, तशी हवी. ती चाळून फेविकॉलवर भुरभुरवा. मधे दोन-चार खडे पेरा आणि गुडघ्याएवढाच उथळ खंदक ठेवा, कारण खाली खडक होता. कॅन्टीनमधला चहाचा चोथा वाळवून पसरला की कुजलेला पाला तयार. तुळशीच्या वाळक्या मंजिऱ्यांची झुडपं होतात, काथ्याचं गवत होतं. झाडीचे हिरवे रंग मात्र ट्यूबमधून थेट घेऊ नका. लातूरकडे जंगल नावालाच आहे, पण नांदेडवाल्यांनी पावसाळ्यात किनवटला जाऊन यावं. सागाच्या एकाच झाडावर चार तऱ्हेचे हिरवे सापडतात. झाडी जवानाच्या कपड्यापेक्षा थोडी पिवळसर ठेवा. रंग इतका जुळू देऊ नका की जवान झाडीत हरवेल. खऱ्या जवानाने दिसू नये म्हणून तो गणवेश होता. आपला जवान तर दिसावा म्हणूनच आपण त्याला रंगवतोय.

त्या लढाईत पडलेल्या हिंदू जवानांना दहन दिलं गेलं, त्यामुळे बऱ्याच जणांची कबर नाही. इंफाळला दहन स्मारकाच्या दगडावर त्यांची नावं कोरलेली आहेत. नावावरून चेहरा कळत नाही, आणि आपल्या सैनिकाला चेहरा आहे पण नाव नाही. म्हणून एवढी एकच विनंती. सबमिशनच्या गडबडीत बूट राहिले, बकल राहिली तरी चालतील, पण चेहऱ्याला एक अख्खी संध्याकाळ द्या.