कोडमधलं सर्किट पडद्यावर येतं तेव्हा

बॅटरी, रोध, धारित्र आणि अर्थिंग. शाळेच्या प्रयोगवहीत हे सर्किट पेन्सिलीने काढतात. मॉडेलिका या संगणकभाषेत ते लिहिता येतं: चार ओळींत चार घटक सांगायचे आणि आणखी चार ओळींत ‘कनेक्ट’ म्हणत कुणाचं टोक कुणाला जोडायचं ते. १० व्होल्टचा स्रोत, १००० ओहमचा रोध आणि ०.००१ फॅरडचं धारित्र घेतलं, की सिम्युलेशनमध्ये पहिल्या सेकंदाअखेर धारित्रावर सुमारे ६.३ व्होल्ट दिसतात. हिशेबाला एवढी माहिती पुरते. आकृतीला ती अपुरी पडते, कारण रोध वर ठेवायचा की डावीकडे, तार कुठे वळवायची, हे त्या आठ ओळींत कुठेच नसतं.

आकृती नसली म्हणून काय बिघडतं? समजा, धारित्राचं दुसरं टोक जोडणारी ओळ लिहायची राहिली. मॉडेलिकाच्या नियमानुसार न जोडलेल्या टोकातून प्रवाह शून्य धरला जातो. त्यामुळे समीकरणांची संख्या बरोबर जुळते, मॉडेल बिनतक्रार चालतं आणि धारित्रावरचा व्होल्टेज शून्यावरच बसून राहतो. शेकडो ओळींच्या कोडमध्ये ही चूक शोधताना डोळे दुखतात. आकृतीत मात्र लोंबकळणारं टोक लगेच नजरेत भरतं.

मॉडेलिकाची मुळं स्वीडनमध्ये आहेत. हिल्डिंग एल्मक्विस्ट यांनी १९७८ साली लुंड इथल्या पीएच.डी. प्रबंधात ‘डायमोला’ ही मॉडेलिंगची भाषा मांडली. मॉडेलिकाची पहिली आवृत्ती १९९७ मध्ये आली. या भाषेत आकृतीचा तपशीलही त्याच फाइलमध्ये ‘ॲनोटेशन’ म्हणून राहतो: चिन्हाच्या चौकटीचे कोपरे, तारेच्या वळणांचे बिंदू. ओपनमॉडेलिकाच्या एडिटरमध्ये रोध माउसने सरकवला की मजकुरातले हे आकडे बदलतात, सिम्युलेशनचं उत्तर तेच राहतं. पवईच्या आयआयटी मुंबईतला ‘फॉसी’ प्रकल्प याच मुक्त सॉफ्टवेअरचा विद्यार्थ्यांमध्ये प्रसार करतो.

खरी अडचण येते ती स्क्रिप्टने तयार केलेल्या मॉडेलमध्ये, जिथे हे आकडे कुणी लिहिलेलेच नसतात. ब्लॉक जोडून मॉडेल बांधण्याच्या सिम्युलिंक या सॉफ्टवेअरमध्ये ब्लॉक टाकायला आणि रेषा जोडायला स्क्रिप्टच्या आज्ञा आहेत, तशीच सगळं आपोआप मांडून देणारीही आहे. आपोआप मांडणीची एक प्रसिद्ध पद्धत जपानच्या सुगियामा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मांडली: घटक थरांत वाटायचे, एकमेकांना छेदणाऱ्या रेषा कमी होतील असा प्रत्येक थरातला क्रम लावायचा, मग जागा ठरवायची. उलट दिशेने परतणारी जोडणी आली, तर थर पाडण्यापुरती तिची दिशा फिरवून घेतात.

नेमकी तीच परतीची जोडणी नियंत्रण अभियंत्याला सर्वांत महत्त्वाची वाटते. ती खालून वळून मागे आलेली त्याला स्पष्ट दिसायला हवी असते. म्हणून संगणकाने मांडून दिल्यावरही दोन-चार ब्लॉक हाताने सरकवायला वेळ काढावा, आणि ती मांडणी मॉडेलच्या फाइलमध्येच जपून ठेवावी. पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाला ते मॉडेल वाचायचं असतं.