खोटं ‘ओके’ : स्कूबाचं कार्ड हातात आल्यावरचे धोक्याचे दिवस

आजचा विषय ऐकून तुमच्यातले अर्धे जण म्हणतील, “अगं, स्कूबा तर आम्ही पण केलंय, मालवणला!” केलंच असेल. पण आठवून बघा, तारकर्लीच्या त्या पाण्यात प्रशिक्षक पूर्ण वेळ तुमचं सिलिंडर मागून धरून होता. किती खोल जायचं, हवा किती उरली, वर कधी यायचं, सगळं तो बघत होता. आपलं काम एवढंच, श्वास घ्यायचा, मासे बघायचे आणि कॅमेऱ्यासमोर हात हलवायचा.

आज बोलायचंय त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. म्हणजे तुम्ही रीतसर कोर्स करता, कार्ड मिळतं आणि आता सिलिंडर धरायला मागे कोणी नसतं.

मी हा कोर्स अंदमानात, हॅवलॉकला केला. तीन-चार दिवसांचा असतो. थोडी थिअरी, उथळ पाण्यात सराव आणि मग समुद्रात 4 डाइव्ह. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की मास्कमध्ये चमचाभर पाणी आलं तरी वर पळायची. चौथ्या दिवशी मीच दुसऱ्यांना टिप्स देत होते. (हसू नका!)

आणि यात मी एकटी नाही. डेव्हिड डनिंग हे नाव ऐकलं असेल, ‘डनिंग-क्रूगर’मधले. त्यांनी आणि कार्मेन सँचेझ यांनी 2018 मध्ये एक मजेशीर अभ्यास मांडला. लोकांना डॉक्टर केलं आणि रोग ओळखायला दिले झोंबींचे! म्हणजे कोणालाच आधीचं काही माहीत असण्याचा प्रश्न नाही. सुरुवातीला लोक जपून होते. पण थोड्याच केसेस हाताळल्यावर त्यांचा आत्मविश्वास भराभर वाढला, अचूकता मात्र तेवढी वाढली नाही. म्हणजे काहीच येत नसतं तेव्हा माणूस सावध असतो. थोडंसं यायला लागलं की गडबड होते.

आता माझी गडबड सांगते.

कार्ड मिळाल्यावर दोनच दिवसांनी मी एका ग्रुपबरोबर डाइव्हला गेले. गाइड आणि आम्ही चौघं. माझ्या कार्डाची मर्यादा 18 मीटर. खाली खडकाचा उतार होता आणि त्या उताराच्या कडेला बॅराकुडांचा मोठा थवा. मी त्यांच्या मागे गेले. पाण्याखाली खोली जाणवत नाही हो, जिना उतरल्यासारखं पायांना काही कळत नाही. मनगटावरच्या कॉम्प्युटरकडे बघितलं तर 26 मीटर!

तेवढ्यात गाइडने गेजकडे बोट दाखवून विचारलं, हवा किती? माझा काटा 70 बारवर. सांगायला हवं होतं. पण बाकीच्यांकडे भरपूर हवा होती. माझ्यामुळे सगळ्यांची डाइव्ह संपणार, ‘नवीन आहे बिचारी’ असं होणार. मी काय केलं? तर्जनी आणि अंगठ्याचा गोल करून दाखवला. ओके!

चार मिनिटांनी काटा 40 वर होता.

हे इतक्या लवकर का झालं, ते समजून घेऊ. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नसतो, साधी दाबून भरलेली हवा असते. 12 लिटरचं सिलिंडर 200 बारपर्यंत भरलं की त्यात साधारण 2400 लिटर हवा मावते. पाण्याच्या वर मिनिटाला 20 लिटर लागत असेल, तर ती दोन तास पुरेल. पण दर 10 मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो आणि प्रत्येक श्वासात तितकी जास्त हवा जाते. 10 मीटरवर मिनिटाला 40 लिटर, 20 वर 60, 30 वर 80. दोन तासांची हवा 30 मीटरवर अर्ध्या तासात संपली! त्यातही शेवटचे 50 बार राखून ठेवायचे असतात. आणि घाबरून धापा टाकायला लागलात तर हा हिशोबही कोसळतो.

बरं, हवा संपत आली म्हणून सुसाट वर येता येत नाही. वर येताना दाब कमी होतो, फुप्फुसातली हवा फुगते. श्वास रोखून धरलात तर फुप्फुस फाटू शकतं. शिवाय खाली असताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडायला वेळ द्यावा लागतो. म्हणून मिनिटाला साधारण 9 मीटर या वेगाने यायचं आणि 5 मीटरवर 3 मिनिटं थांबायचं. थोडक्यात, परतीच्या प्रवासालाच पाच-सहा मिनिटं हवा लागते. ‘40 बार आहेत की अजून’ हे गणित म्हणूनच खोटं.

मी गाइडकडे गेले आणि या वेळी काटाच समोर धरला. त्याने एक क्षण माझ्याकडे बघितलं, स्वतःचा जादा रेग्युलेटर माझ्या तोंडात दिला, माझा पट्टा धरला आणि आम्ही सावकाश वर आलो. 5 मीटरवरची ती 3 मिनिटं मी त्याच्या हवेवर काढली. आयुष्यातली सगळ्यात लांब 3 मिनिटं.

होडीवर तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, “हवा सगळ्यांची संपते. पण तू मला ओके का दाखवलंस? मी त्या खुणेवर विश्वास ठेवून पुढे गेलो.”

ते वाक्य मला जास्त लागलं. खाली बोलता येत नाही. हाताच्या खुणा हीच भाषा. त्यात खोटं बोललं तर दुसरा माणूस मदत तरी कशी करणार?

म्हणून नवीन कार्डवाल्यांना माझं सांगणं: पाण्यात उतरण्याआधी बडीबरोबर एकमेकांचं सामान तपासा, तो दहा वर्षं डाइव्ह करत असला तरी. खोली आणि हवा स्वतः बघत राहा, गाइडने विचारायची वाट बघू नका. मध्ये वर्षभराची गॅप पडली असेल तर लाज न बाळगता उजळणीची डाइव्ह करा. ‘चल गं, काही होत नाही’ म्हणून कोणी कार्डाच्या मर्यादेखाली नेत असेल, तर सरळ नाही म्हणा.

आणि एक खूण पक्की लक्षात ठेवा. जमिनीवर अंगठा वर केला की ‘मस्त!’ पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला, डाइव्ह संपली.’ तो अंगठा कोणीही, कधीही दाखवू शकतं आणि कारण विचारायचं नसतं. कारण होडीवर विचारता येतं.

त्या प्रसंगानंतर मी दोनदा तो अंगठा दाखवलाय. एकदा कान दुखत होता, एकदा नुसतंच बरं वाटत नव्हतं. दोन्ही वेळा सगळे वर आले, चहा प्यायले, कोणी काही म्हणालं नाही.

चला तर, भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या!